सशाची आई

बाईंनी चित्रांचं पुस्तक वर्गाकडे वळवून धरलं आणि गोष्ट संपवली. सशाच्या पिल्लाने फुलदाणी फोडल्याचं कबूल केलं आणि शेवटच्या पानावर आईने त्याला कुशीत घेतलं. मग पुस्तक मिटून बाईंनी टेबलाच्या खणातून स्वतःचा मोडका चष्मा काढला.

"आता सांगा, हा कुणी मोडला? खरं बोलणाऱ्याला मी काहीही करणार नाही."

मागच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "मी, बाई. खाली पडला होता, चुकून पाय पडला."

बाईंनी शब्द पाळला. स्वतः काहीच केलं नाही, फक्त तिच्या आईला बोलावून घेतलं. आईने कामावरचा एप्रनही न काढता भर वर्गात मुलीच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या. बाई तोवर फळा पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तेच पुस्तक उघडलं, तर शेवटचं पान कुणीतरी टरकावून काढलेलं.

"कुणी फाडलं? खरं सांगा, मी काही करणार नाही."

अख्खा वर्ग मिठाची गुळणी धरून बसला. बाई तरातरा मागच्या बाकापाशी गेल्या.

"तू सांग! काल तर मोठ्या तोंडाने खरं बोललीस."

मुलगी उभी राहिली. गाल अजून सुजलेला होता, पण नजर खाली गेली नाही.

"ते सशाच्या पिल्लाला विचारा, बाई. त्याची आई कुशीत घेते."