तक्त्यावरचे लाल ठिपके

"निदान पाच तरी लिहायची आहेत, वन्सं," वहिनी म्हणाली. "संघटनेचं पत्र आहे. 'येत्या वर्षातील व्यावसायिक उद्दिष्टे, किमान पाच.' आणि दर्शनी भागात लावायची म्हणे."

"चार चालणार नाहीत?"

"किमान म्हणजे किमान."

ताईने फॉर्म पुढे ओढला. गेल्या वर्षीच्या पाचांपैकी 'स्वतःसाठी वेळ काढणे' एवढं एकच पार पडलं होतं. तेही लोक येईनासे झाले म्हणून.

तळपायावर दाब देऊन दुखणी हलकी करायची, हे ती बावीस वर्षं करत होती. वहिनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको, बाहेरच्या टेबलाशी बसून लोकांना वेळा द्यायची आणि नव्या माणसाला बजावायची, "ताई डोळे मिटून काम करतात, मध्ये बोलायचं नाही." ताई हातांनी बघते, अशी ख्याती होती.

गेले आठ महिने हातांना काही दिसत नव्हतं.

आधी करंगळ्या बधिर झाल्या, मग बाकीची बोटं, शेवटी दोन्ही अंगठे. चहा गरम आहे हे तिला वाफेवरून कळे. डॉक्टर 'बघू' म्हणाले होते आणि अजून बघत होते. तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. रडूही आलं नव्हतं. बधिरपणा बहुधा वर सरकत होता.

काम चाललं होतं ते साहेबांच्या जोरावर. साहेब कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले. दर गुरुवारी अकराला यायचे. बाकीचे लोक कुठंही दाबलं तरी सौजन्याने "छान वाटलं" म्हणत. साहेबांचं तसं नव्हतं. अंगठा नेमका दुखऱ्या जागी पडला तर "आई गं!" आणि चुकला तर चिडीचूप. तेवढ्यावर ताईने ठरवलं होतं, की अंगठ्याला कळत नसलं तरी हाताला अजून जमतंय.

तिने पेन्सिलीने लिहिलं : १. काम थांबवणे.

हे लिहिल्यावर उरलेली चार कशासाठी, याचा खुलासा फॉर्ममध्ये नव्हता. आज गुरुवार होता. साहेबांनी पाच वेळा 'आई गं' म्हटलं तर खोडायचं, नाहीतर पेनने गिरवायचं.

"दर्शनी भाग म्हणजे हीच भिंत," वहिनीने आतल्या खोलीत जाऊन जाहीर केलं आणि खुर्चीवर चढून जुना तक्ता उतरवला. पावलाचं हातभर चित्र होतं ते. बोटांखाली, चवड्यावर, कमानीत, बाहेरच्या कडेला लाल ठिपके, जिथं दुखतं तिथं. टाच तेवढी कोरी.

"ड्रॉइंग पिना चार होत्या ना हो? तीनच सापडतायत."

"झाडताना मिळेल."

अकराला साहेब आले. एकाच पायात चप्पल होती.

"दुसरी कुठं?" ताईने विचारलं.

"जिन्यात गळली वाटतं. हल्ली चपलासुद्धा न सांगता सोडून जातात." उरलेली चप्पल दाराशी काढून ते अनवाणीच खोली ओलांडून खुर्चीत टेकले आणि पाय चौरंगावर ठेवले. मग समोर बघून म्हणाले, "अरेच्चा! तक्ता?"

"तिथं आता यांची उद्दिष्टं लागणार," वहिनी म्हणाली.

ताईने डोळे मिटले. अंगठा बोटांखाली नेला. साहेब गप्प. चवड्यावर आली. गप्प. कमानीत जोर लावला.

"दुखतंय?"

"अं... थोडंफार."

थोडंफार असं साहेब कधी म्हणत नसत. ताईला वाईट वाटायला हवं होतं. तिला फक्त इतकंच आठवलं, की पेन बाहेर टेबलावर आहे.

"राग मानू नका, ताई," साहेब जरा वेळाने म्हणाले, "तो तक्ता परत लावता येईल? नुसत्या भिंतीकडे बघून माझं चित्त लागत नाही."

"आता घ्या!" वहिनी खुर्चीवर चढता चढता पुटपुटली. "उतरवला तेव्हा मेल्या तक्त्याला कुणी विचारत नव्हतं." तीन पिनांवर तक्ता पुन्हा लटकला, एक कोपरा मोकळा.

ताईने पहिल्यापासून सुरुवात केली. बोटांखाली अंगठा टेकला.

"आई गं!"

चवड्यावर.

"आई गं! नेमकं पकडलंत."

कमानीत दोन वेळा. मग बाहेरच्या कडेला, सगळ्यांत मोठा. पाच.

आनंद झाला असं म्हणता येणार नाही, पण छातीत कुठंतरी मुंग्या आल्या. शेवटी टाच. टाचेला ताई नेहमी दोन्ही अंगठ्यांवर सगळा भार टाकी. आज तर जरा जास्तच टाकला, उजवीवर चांगली दोन मिनिटं. साहेब निवांत होते. टाच मोजायची नव्हतीच.

"वहिनी, तो फॉर्म आण. आणि खोडरबर."

पाय पुसायच्या आधीच तिने पहिली ओळ खोडली आणि लिहिलं : १. काम चालू ठेवणे. २. तेच. ३. तेच.

"वन्सं, असं चालत नाही हो."

"किमान पाच म्हणालीस. वेगवेगळी कुठं म्हणालीस?"

साहेब खो खो हसले. वहिनी फॉर्म घेऊन बाहेर गेली. ताईने ओला टॉवेल घेऊन डावा पाय पुसला, मग उजवा. टॉवेल लाल झाला.

तिने पाऊल वर केलं. उजव्या टाचेच्या मधोमध पिनेचं पितळी डोकं चमकत होतं, कातडीच्या बरोबरीला आत दाबलेलं. तिच्या अंगठ्यावर तेवढाच गोल ठसा उमटला होता.

साहेब तक्त्याकडे बघत होते.

"टाच झाली ना?" ते म्हणाले. "टाचेला आज काही म्हणजे काही दुखलं नाही हो. तुमच्या हाताला गुण आहे, ताई."