आतड्याचा रिपोर्ट

"तेरा दिवस पोट साफ झालं नाही, डॉक्टर. आत काही हलतच नाही," टेबलाची कड घट्ट धरून यमुना म्हणाली. फुगलेल्या पोटावर साडीची गाठ बसत नव्हती.

शेजारी बसलेला नवरा, गोरक्ष, कंटाळून म्हणाला, "चार वर्षं हेच चाललंय. हिच्या मनाचे खेळ आहेत सगळे. आईही तेच म्हणते."

डॉक्टरांनी तिच्या आतड्याच्या, तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट उघडला. "हृदयासारखी आतड्यालाही लय देणाऱ्या पेशी असतात. यांच्या मोठ्या आतड्यात त्या जवळजवळ उरलेल्याच नाहीत. औषधानं परत येणार नाहीत. मोठं आतडं काढावं लागेल."

गोरक्षनं हातातला फोन टेबलावर ठेवला.

यमुनानं रडत रडत त्याचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "आईंना लावा. डॉक्टर, आतडं काढायचं तेव्हा काढा, आधी हे त्यांना सांगा."