जांभळा ठिपका

"एक नट जरी बदललास तरी मला कळेल, याकूब," असं बजावत दिगंबरनं पिकअपच्या इंजिनावर बायकोच्या नेलपॉलिशचे जांभळे ठिपके लावले. गाडी गॅरेजात सोडताना त्याची ही जुनीच खोड. मिस्त्री तर परका, दिगंबरचा सख्ख्या भावावरही विश्वास नव्हता. सात वर्षांपूर्वी "ढाब्यावरून आपली पिकअप चोरीला गेली," असं भाऊ रडत सांगत आला, तेव्हा "विकून खाल्लीस!" म्हणत यानं त्याला घराबाहेर काढलं होतं.

सेन्सर बिघडला की हे इंजेक्शनवालं इंजिन भर घाटात मान टाकायचं. म्हणून याकूबमिस्त्री त्याच्या जागी जुनं कार्बोरेटरवालं बसवणार होता. ते निदान रस्त्यात खोलून साफ तरी करता येतं.

"हे कुठनं उचललंस?" दिगंबरनं डोळे बारीक केले.

"पोलिसांच्या लिलावातनं, शेठ. पावती आहे. गाड्या चोरणारी टोळी धरली, तिचा माल. नंबर घासून टाकलेला, म्हणून मालक सापडला नाही."

दिगंबरला काही पटेना. त्यानं स्वतःच डिझेलमध्ये चिंधी बुडवली आणि इंजिन पुसायला घेतलं. कार्बोरेटरखालचा मळ निघाला आणि त्याचा हात थांबला.

"यालापण ठिपका लावा, शेठ," याकूब हसला. "नाहीतर उद्या माझ्यावर चोरीचा आळ घ्याल."

"लावलेला आहे," दिगंबर कसाबसा म्हणाला, आणि त्या जुन्या जांभळ्या ठिपक्यावर अंगठा ठेवून तिथंच खाली बसला.