निवांत गाव

ट्रॅव्हलवाल्या मुलीने कॉम्प्युटरचा स्क्रीन दोघांकडे वळवला. "काका, एप्रिलमध्ये इटलीत ऊब हवी तर सिसिली बघा. या गावात गर्दी औषधालाही सापडणार नाही!"

उन्हात न्हालेली रिकामी गल्ली बघून श्रीपादराव खुलले. शैलाताईंचा हात मात्र पर्समधल्या गोळ्यांच्या डबीवर गेला. दिवाळीआधी तुळशीबागेत ते छाती धरून कोसळले, तेव्हा गर्दीतूनच एक डॉक्टरीण धावून आली होती. या गल्लीत कोण येणार?

"अहो, रोमच करू. चार माणसांची जाग असलेली बरी."

"गर्दी नको, शैला."

"त्या गर्दीनेच तर वाचवलं तुम्हाला!"

श्रीपादराव स्क्रीनकडेच बघत राहिले. "पडलो तेव्हा वाटलं, संपलं सगळं. वर पन्नास चेहरे वाकलेले. तू पलीकडे पणत्या घेत होतीस. मी तुझा चेहरा शोधत होतो गं, तेवढा एकच दिसेना."

मुलीने अवघडून विचारलं, "काकू, मग रोम की हे गाव?"

"हेच गाव," शैलाताई म्हणाल्या. त्यांनी टेबलाखाली नवऱ्याचा हात हातात घेतला, आणि त्यांची बोटं मनगटावर नाडी शोधू लागली.