डेलेनीची पत्रिका

“डेलेनी! डेलेनी नाही घेतला तर ह्या टीमचं तोंड बघणार नाही मी!” बाबांनी टेबलावर थाप मारली आणि वाटीतली चटणी नंदूकाकांच्या जर्सीवर उडाली.

नंदूकाकांनी ती बोटानं पुसून चाटली. “गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास, पुरुषोत्तम. आणि मग सगळ्या मॅचेस तोंड वासून बघितल्यास.”

बर्मिंगहॅममधल्या राजवाडे कुटुंबाच्या फ्रंट रूममध्ये शनिवार दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ही मंडळी हॉस्पिटलात, बँकेत, कौन्सिलात शहाण्यासारखी नोकरी करत. अमेरिकन फुटबॉलचं वेड त्यांना तरुणपणी टीव्हीवरून लागलं होतं आणि घरजावयासारखं ते जागचं हललं नव्हतं. त्यांची टीम यंदा सपाटून हरली होती, म्हणून सगळे खुशीत होते. जी टीम सर्वांत शेवटी येते, तिला कॉलेजातल्या पोरांतून पहिली निवड करता येते, असा तिकडचा दयाळू कायदा. टीमला हवा होता क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या.

पोरं होती दोन. व्हिटलॉक उंच, देखणा, अंगावर ओरखडा नाही. डेलेनी बुटका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. पण मैदानाच्या पार पलीकडे धावणाऱ्या गड्याच्या ओंजळीत चेंडू घालायचा. खरी टीम ह्यांना विचारणार नव्हती. तरी मतदान इथं व्हायचंच, आणि तिकडच्या थाटात उभं राहून, टीम, खेळाडू आणि त्याचं गाव पुकारत निकाल बाबांनी जाहीर करायचा, हा दरवर्षीचा रिवाज.

मालविका वड्यांचा दुसरा घाणा घेऊन आत आली. तिला दोन्ही पोरांशी देणंघेणं नव्हतं. तिचा डाव वेगळा होता. साकेत जूनमध्ये रीडिंग शहरातली नोकरी संपवून नागपूरला परत जाणार होता, आणि तिला त्याच्याशी लग्न करून त्याच्याबरोबर जायचं होतं. बाबांना साकेत आवडलाही होता. त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या, आग्रहानं श्रीखंड वाढलं, दारापर्यंत सोडायला गेले. आणि आठवड्यानं एकच वाक्य बोलले: पत्रिका जुळत नाही. ह्या वाक्यावर अपील नसतं.

तिनं नंदूकाकांकडे पाहिलं. नंदूकाकांनी फोन काढला.

“भांडताय कशाला? मी दोघांच्या पत्रिका काढल्यात. कोचशी जुळवून बघितल्या. व्हिटलॉकचे अठ्ठावीस गुण जुळतात. तुझ्या डेलेनीचे नऊ. वर कडक मंगळ.”

खोलीत हशा पिकला. “जन्मवेळ कुठून आणलीत?” कोणीतरी विचारलं.

“व्हिटलॉकची उंची बघ. एवढा पोरगा पहाटेच निघाला असणार, नाहीतर दिवस मावळायच्या आत पुरा बाहेर आला नसता.”

बाबांना मात्र हसू आलं नाही. “कोच काय त्याच्याशी संसार करणार आहे?”

“चार वर्षं तरी करणार. टिकला तर.”

“अरे, नऊ गुण काय घेऊन बसलास! पाऊस कोसळतोय, शेवटचं मिनिट, समोरून सहा धटिंगण अंगावर येतायत, आणि हा पठ्ठ्या उभा! पापणी हलत नाही! तेव्हा चेंडू कोण फेकणार, शनी?”

“आणि गुडघा?”

“बाबा, त्याची गुडघा एकदम फाइन आहे,” मालविका मध्येच म्हणाली. “मी रोज तेच बघते क्लिनिकमध्ये. हा मुलगा परत उभा राहिलाय ना, दॅट्स द मेन थिंग.”

“ऐका! फिजिओ बोलतेय!” बाबा अर्धे उठलेच. “माणूस उभा कसा राहतो ते बघावं. कागद कसले बघता? पत्रिका बघून निवड करणारा माणूस गाढव आहे, गाढव!”

टाळ्या पडल्या. हात वर झाले. व्हिटलॉकला खुद्द नंदूकाकांचंही मत मिळालं नाही.

मालविकानं ताटली खाली ठेवली.

“मग साकेत?”

नंदूकाकांना एकाएकी चटणीचा डाग आठवला आणि ते तो खरवडत बसले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. आपण कसे घेरले गेलो ते त्यांना कळलं. आता ओरडतील, असं तिला वाटलं.

“पत्रिका मी काढलीच नव्हती गं,” बाबा म्हणाले.

“व्हॉट?”

“नाही म्हणायचं असतं आणि कारण सांगवत नाही, तेव्हा आपल्याकडे पत्रिका जुळत नाही. मुलाकडच्यांनाही कळतं ते. कोणी पुरावा मागत नाही.”

“पण कारण काय? ही इज अ गुड मॅन, बाबा. तुम्हीच म्हणाला.”

“चांगला आहे. वाईट असता तर सोपं होतं. तू एकटी परत आली असतीस.”

टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावर डेलेनीचं गाव दाखवत होते. त्याची आई अंगणात उभी राहून हसत होती आणि हसता हसता बाहीनं डोळे पुसत होती.

“दरवर्षी आपण वडे खात कुणाचं तरी पोर घरातून उचलून आणतो, नंदू,” बाबा पडद्याकडे बघत म्हणाले. “जोरात टाळ्या वाजवतो. त्या बाईकडे कधी बघितलं होतंस?”

नंदूकाका हळूच म्हणाले, “निकाल राहिलाय, पुरुषोत्तम. लोक थांबलेत.”

बाबा उभे राहिले. त्यांनी जर्सी खाली ओढून नीट केली, घसा खाकरला आणि तिकडच्या थाटातला भरदार आवाज लावला. तो मध्येच एकदा फाटला, पण त्यांनी वाक्य सोडलं नाही.

“यंदाची पहिली निवड नागपूरची. नागपूर घेऊन जात आहे... मालविका राजवाडे, बर्मिंगहॅम!”