आजचं अंडं

डॉक्टरबाईंनी मेलेली कोंबडी टेबलावर उताणी ठेवली आणि पोटावर कात्री चालवली. कोंबडीवाल्याने तोंड फिरवलं. अर्धं आयुष्य कोंबड्यांत गेलं, पण कापायचं नाव काढलं की गडी गळपटायचा. म्हाताऱ्या कोंबड्यासुद्धा तो जिवंतच विकून मोकळा व्हायचा. आतून कोंबडी कशी असते, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

शेडमध्ये साथ आली होती. पाण्यातून औषध देऊन झालं, शेवटची मात्रा परवा संपली. ‘मी सांगेपर्यंत अंडं विकायचं नाही, खायचं नाही,’ असं बाईंनी बजावलं होतं, आणि रोजची अंडी तो इमानदारीने खड्ड्यात पुरत होता. विक्रीच्या बाबतीत शब्दाचा पक्का. घरात मात्र स्वतःच डॉक्टर. तापातून उठलेल्या लेकीच्या तोंडाला कशाचीच चव नव्हती, आणि आज सकाळी तिने आपणहून अंडं मागितलं. आता नेमकं तेच औषध लेकीला अजिबात सोसत नसे. शाळेत असताना एका गोळीने तिचं तोंड, घसा सुजला आणि पोर हातची जाता जाता राहिली. पण बापाचा हिशेब साधा होता. औषध परवा बंद, अंडं आजचं. त्याची ऊबसुद्धा गेली नव्हती. त्याने ते बायकोच्या हातात दिलं, “उकडून दे तिला,” म्हणाला आणि निर्धास्त इकडे आला.

“जाळीत मान अडकून मेली ही. साथ नाही, काका, घाबरू नका,” बाई म्हणाल्या. “पण इकडे तर बघा.”

त्याने एक डोळा किलकिला केला. मग दोन्ही उघडले.

कण्याखाली बलकांचा घोस लगडला होता. एक पुरा भरलेला, केशरी. शेजारी त्याहून जरा लहान. मग आणखी लहान, पुढे वाटाण्याएवढा, आणि त्यांच्या मागे मोहरीएवढे इतके, की नजर ठरेना. मेलेल्या पाखराच्या पोटात एवढा मोठा उद्या भरून ठेवला होता! रोज हिच्याखालची अंडी उचलली, पण हिला कधी ओळखलंच नाही, असं त्याला वाटलं.

“हे उद्याचं,” बाई चिमट्याने दाखवत म्हणाल्या. “हे परवाचं, हे तेरवाचं. सगळी एकाच वेळी भरत असतात. ही जे खाते-पिते, ते थोडं थोडं या सगळ्यांत उतरतं.”

“आणि आजचं?”

“आजचं गेल्या आठवड्यातच भरत होतं की. औषध चालू होतं तेव्हा.”

तो धावत सुटला. एक चप्पल वाटेतच राहिली.

स्वयंपाकघरात लेक ताटलीत काहीतरी पिवळं कालवून खात होती. चमचा तोंडाशी होता. त्याने झडप घालून तो हिसकावला. ताटली खणखणत फरशीवर गेली.

“अहो, वेड लागलं का? बटाटा आहे तो, उकडलेला!” बायको ओरडली. “तुमचं अंडं मी केव्हाच खड्ड्यात टाकलं.”

तो मटकन खाली बसला.

“तुला गं कसं कळलं? मला तर आत्ता, कोंबडी फाडल्यावर कळलं.”

बायकोने लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

“हिचं तोंड पहिल्यांदा सुजलं ते शाळेत नाही. त्याच्या कितीतरी आधी. तुम्ही बाहेरगावी कामाला होतात, आणि तेव्हा मलाही कारण उमजलं नव्हतं. त्या वेळी तीच गोळी मी खाल्ली होती. ही अंगावर पीत होती.”