चौथं कोटेशन

“हे सगळं काढा,” सुधीर टिपणीसांनी फाईल काउंटरवर ठेवत फर्मावलं, आणि डोंबिवलीच्या त्या चिंचोळ्या दुकानात दुकानदार राजरत्न एकेक खोका काढून मांडायला लागला.

सुहासिनीबाई नवऱ्याच्या मागे उभ्या होत्या. कॉम्प्युटर त्यांच्यासाठी होता, पैसेही त्यांच्याच शिकवण्यांचे होते. पण टिपणीसांच्या घरात खरेदी म्हणजे सुधीररावांचं खातं. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत एकतीस वर्षं परचेसला काढलेला माणूस. साधा मिक्सर आणायचा झाला तरी तीन कोटेशनं, त्यांचा तक्ता, आणि ज्याचा भाव कमी त्याच्यापुढे लाल टिक. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. पडद्याचं कापडसुद्धा बाईंनी एकटीने पसंत केलेलं नव्हतं.

सुटे भाग घेऊन जोडलेला कॉम्प्युटर स्वस्त पडतो हे कळलं आणि सुधीररावांना चेवच चढला. एकाऐवजी आठ वस्तू, म्हणजे चोवीस भाव! ठाणे, कल्याण, डोंबिवली अशी तीन दुकानं त्यांनी पालथी घातली. वर्तकनगरच्या घरात बसून प्रत्येक वस्तूचा सगळ्यात कमी भाव काढला आणि राजरत्नचं डोकं खाऊन तो त्याच्याकडून कबूल करून घेतला.

बाईंना अंध मुलांसाठी दहावीची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची होती. घरातला जुना कॉम्प्युटर अर्ध्या धड्यातच मान टाकायचा. शाळा सुरू व्हायला दोन आठवडे उरले होते. तीन महिने दुपारची झोप सोडून त्या व्हिडिओ बघत होत्या, कुठला भाग कशाला लागतो ते वहीत उतरवत होत्या. वही पर्समध्ये होती. ती कोणी मागितली नव्हती.

तिसरा खोका काउंटरवर आला आणि बाई पुढे वाकल्या. प्रोसेसर होता, नावही जवळजवळ वहीतलंच. पण हा त्याचा स्वस्तातला भाऊ.

परक्यासमोर नवऱ्याला टोकायची त्यांना सवय नव्हती. पण गप्प बसलं तर घरी नुसती शोभेची पेटी जाणार होती, आणि तिकडे मुलं वाट बघत बसणार होती.

“अहो, हा नको,” बाई म्हणाल्या. आवाज जरा चढाच लागला. “याच्यात ग्राफिक्स नाहीये. वेगळं कार्ड लागेल. नाहीतर मशीन चालू होईल आणि स्क्रीन काळाच राहील.”

राजरत्न थबकला. “काकू बरोबर बोलतायत, काका. मला वाटलं कार्ड तुमच्याकडे घरी असेल.”

सुधीररावांचे कान लाल झाले. एकतीस वर्षांत त्यांचा तक्ता कोणी चुकीचा ठरवला नव्हता, तेही दुकानदारासमोर. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“अजून?”

बाईंनी वही काढली, आणि मग त्या थांबल्याच नाहीत. “कॅबिनेटवर फुकट मिळणारा पॉवर सप्लाय नको. तो गेला की बाकीचंही घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा द्या. आणि काचेचं, दिव्यांचं कॅबिनेट कशाला? मला काय मखर सजवायचंय? साधं पत्र्याचं द्या. रॅम सोळाची एक नको, आठ-आठच्या दोन. मॉनिटर आमचा जुनाच चालेल.”

राजरत्नने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. दोनदा आकडे मारले. “काकू, बजेटच्या आत बसतंय की!”

बाईंना स्वतःचा अभिमान वाटला. चांगला भरभरून वाटला, आणि तो लपवावा असंही वाटेना.

सुधीररावांनी मात्र मान वर न करता तक्त्यातल्या ओळी खोडल्या, वहीतल्या उतरवून घेतल्या, खाली सही केली आणि फाईल मिटली. बाईंनी ओळखलं. आता घरापर्यंत अबोला, आणि पुढचे चार दिवस आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार.

तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन दुकानात शिरल्या. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला जाणार होती. काउंटरवरचे खोके बघून दोघीही बावरल्या. फाईलवाले गृहस्थ दिसताच त्या बाई सरळ त्यांच्याकडेच वळल्या. “काका, तुम्ही यातले जाणकार दिसताय. आमचंही जरा बघून द्याल का?”

सुधीररावांनी फाईल बायकोच्या हातात दिली. दुकानातलं एकुलतं एक स्टूल तिच्यापुढे सरकवलं. मग दोन पावलं मागे जाऊन, ऑफिसातला शिपाई साहेबांना वर्दी देतो तशा खणखणीत आवाजात ते म्हणाले, “मॅडम, पार्टी आलीये.”